कळलावीला अंगणात जागा

माणसाप्रमाणे झाडालाही एकदा नाव पडले की ते जन्माला पुरते. कडुलिंबाला आपण कडू म्हणतो, पण पाडव्याला त्याच्याच पाल्याला गुढीवर मान देतो. बोरी-बाभळीला काटेरी म्हणून नावे ठेवतो, पण कुंपण घालायचे झाले की त्यांच्याच काट्या ओढून आणतो. कळलावीच्या वाट्याला एवढीही सवलत आलेली नाही. तिचे फूल पाहून थबकत नाही असा माणूस विरळा; आणि नाव ऐकल्यावर ती घरी नेण्याची इच्छा उरते असा माणूस त्याहून विरळा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी वाशीमला आमच्या घराच्या कुंपणाशी मी ही वेल लावली. पहिले फूल उमलले त्या दिवशी शेजारच्या आजी फाटकापाशी थांबल्या. फुलाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कायले आणली हे बला अंगणात? इच्यानं घरात भांडनं लागतेत." आजींचे भाकीत अजून खरे ठरलेले नाही. आमच्या घरात भांडणे होतात ती विजेच्या बिलावरून आणि नळाच्या पाण्यावरून. त्यात वेलीचा हात नाही. पण आजींचा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. कायले आणली? रानात, धुऱ्यावर आपोआप उगवणारी, मुळापासून बियांपर्यंत विषारी असलेली वेल घराच्या अंगणात आणायचीच कशाला? या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटते. ते देताना तिची बाजू मांडायची आहे, तशीच तिच्याविषयीची सावधगिरीही सांगायची आहे.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की बोरीच्या जाळीतून, निवडुंगाच्या आडून, दगडाच्या गडगीलगत एक हिरवा, तजेलदार कोंब वर येतो. पाने लांबट, टोकाला निमुळती होत गेलेली. आणि त्या टोकाचाच बारीक ताणा झालेला. वेलीला चढण्यासाठी वेगळा हात नाही, पानाचे टोकच काटकीला वेढा घालते आणि वेल पुरुषभर, कधी त्याहूनही उंच जाते. श्रावण-भाद्रपदात फुले येतात. कळी खाली मान घालून असते. उमलताना तिच्या सहाही पाकळ्या उलट्या फिरून वर जातात, कडा लहरत राहतात, आणि चुलीतल्या जाळासारखा आकार होतो. रंगही जाळाचाच. आधी हिरवट, मग पिवळा, मग टोकाकडून लाल होत होत शेवटी सगळे फूल लालभडक. एकाच वेलीवर या साऱ्या अवस्था एकदम पाहायला मिळतात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते उगाच नाही. कोकणात ती गौरीच्या सणाला लागते आणि 'गौरीचे हात' हे मायेचे नाव तिला तिथे मिळाले आहे. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात त्याच दिवसांत ती धुऱ्यावर फुललेली असते. पण आपण तिला आत बोलावलेले नाही. आपल्याकडे ती कळलावी, नाहीतर खड्यानाग.

संस्कृतातले आणखी एक नाव मला या सर्वांपेक्षा आवडते. लांगली. लांगल म्हणजे नांगर. हिचा कंद जमिनीत आडवा असतो आणि त्याला काटकोनात दोन फाटे असतात, थेट नांगराच्या आकाराचे. ज्याने हे नाव ठेवले त्याने वेल नुसती बांधावरून पाहिली नव्हती. खणून, हातात घेऊन पाहिली होती. शास्त्रीय नाव लिनिअसने १७५३ साली दिले, ग्लोरिओसा सुपर्बा. त्याचा अर्थ वैभवशाली, दिमाखदार. एकाच वेलीला कुणी वैभवशाली म्हटले, कुणी देवीचे हात म्हटले, आणि आपण कळ लावणारी म्हटले.

आता या 'कळ' शब्दाकडे पाहू. आपल्या भाषेत कळ लावणे म्हणजे भांडण लावून देणे. त्या अर्थाने नारदमुनी कळलावे. पण कळ म्हणजे वेदनाही. पोटात कळ येते, बाळंतिणीला कळा येतात. वेलीचे नाव मुळात या दुसऱ्या कळेवरून पडले असावे. अडलेल्या बाईच्या बेंबीवर किंवा तळपायाला हिचा कंद उगाळून लावायचा, आणि सुटका होताच तो घाईघाईने धुऊन टाकायचा, ही प्रथा देशात अनेक ठिकाणी होती. सुइणीच्या हातातला तो शेवटचा उपाय. संस्कृतात तिला गर्भपातिनी असेही एक नाव आहे. ते नाव उच्चारले की वेलीच्या बदनामीचा खरा उगम कळतो.

कारण कंद नुसता उगाळून लावला जात नव्हता, तो पोटातही दिला जात होता. ज्या बाईला मूल होणे परवडणारे नव्हते, म्हणजे बहुधा ज्या विधवेला समाजाने पुनर्विवाहही नाकारला आणि फसवणाऱ्यालाही मोकळे सोडले, तिच्यासाठी हा रानातला गुपचूप मार्ग होता. त्यात गर्भाबरोबर बाईही जाण्याचीच शक्यता जास्त. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते अशाच बायकांसाठी. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तेव्हा त्याला उत्तर आले ते आपल्या शेजारच्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले. दोष एकट्या बाईच्या माथी का, हा त्यांचा प्रश्न होता. कळलावीच्या बाबतीत मला तोच विचारावासा वाटतो. वेल धुऱ्यावर आपली उभी होती. बाईला तिच्यापर्यंत ढकलत नेणारे नामानिराळे राहिले आणि कळ लावल्याचा ठपका वेलीवर आला. आज १९७१ चा कायदा आहे, २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आहे, दवाखान्यात सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे. त्या कंदाकडे वळण्याचे कारण आता कुणालाही उरलेले नाही, उरू नये. तरीही हिच्या औषधीपणाबद्दल बोलताना पुष्कळदा डोळे बारीक करून, आवाज खाली आणून बोलले जाते. म्हणून आधी हिचे विष नीट समजून घेतले पाहिजे.

कळलावीत कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. ते साऱ्या वेलीत असते, पण कंदात आणि बियांत अधिक. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारी जी सूक्ष्म यंत्रणा असते तिलाच हे द्रव्य अडवून धरते. म्हणून शरीरात जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात, तिथे म्हणजे आतड्यात, हाडांच्या मगजात, केसांच्या मुळाशी, त्याचा मार आधी बसतो. कंद पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. काही तास जातात. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पटकीसारखे. नंतर एकेक अवयव निकामी होऊ लागतो. त्यातून जो वाचतो त्याचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात. सहज मिळेल असा उतारा त्यावर नाही. दवाखान्यात लवकर पोहोचणे हाच उपाय. श्रीलंकेत रताळे किंवा रानकंद समजून हा कंद शिजवून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे शिजवल्यानेही विष जात नाही. आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत घातले आहे आणि शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असे बजावले आहे. आपल्या औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत वत्सनाभ, धोतरा, गुंज यांच्या पंगतीला लांगली बसलेली आहे. तेव्हा घरच्या घरी कंद उगाळणे, कुणा जाणत्याने सांगितले म्हणून सांध्यावर बांधणे, साप-विंचवावर लावणे, हे सारे बंद. यात शंकेला जागा नाही.

पण विष म्हणजे केवळ शाप, असेही नाही. हेच कोल्चिसिन अचूक मोजलेल्या, अगदी अल्प मात्रेत वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या दुखण्यावर डॉक्टर देतात. १८२० साली पेलेतिए आणि कावांतू या दोन फ्रेंच संशोधकांनी ते प्रथम वेगळे काढले, युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय फुलझाडातून. कळलावी त्याच कुळातली. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी अल्प मात्रेत वापरायला मान्यता दिली. पाठ आखडली की जी थायोकोल्चिकोसाइडची गोळी लिहून मिळते तिची वाटही कळलावीच्या बियांपासून सुरू होते. १९३७ साली असे ध्यानात आले की हे द्रव्य लावले तर झाडाच्या पेशीतल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. उन्हाळ्यात आपण बिनबियांचे टरबूज कौतुकाने कापतो ते त्याच युक्तीचे फळ. म्हणजे जी वेल अंगणात नको म्हणून आपण हाकलतो, तिच्याच कुळाच्या विद्येचे उपकार औषधाच्या पुडीतून आणि टरबुजाच्या फोडीतून आपण घेत असतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी ही वेल बियांपासून लावली नाही. मालेगाव रस्त्याला एका नातेवाइकांचे वावर आहे. त्यांच्या धुऱ्यावर श्रावणात ती बहरली होती. कुदळ घेऊन मी सरळ कंदच खणला. खणताना तो मध्येच मोडला. दोन तुकडे झाले तर दोन वेली होतील, असा माझा हिशोब. बटाट्याचा हिशोब मी इथे लावला. आणलेले तुकडे घरच्या काळ्या जमिनीत खोल पुरले. भरपूर पाणी घातले. कोंब आलाच नाही. आश्विनात उकरून पाहिले तर लिबलिबीत काळा गोळा हाती लागला. पुढच्या श्रावणात त्या धुऱ्यावर गेलो, तर तिथेही वेल नव्हती. माझ्या बागेत ती आली नाही आणि रानातून मात्र गेली. एक वेल ती काय, असे कुणी म्हणेल. पण त्या धुऱ्यावर तेवढी एकच होती, हे मला नंतर कळले.

चूक कुठे झाली तेही नंतर समजले. या कंदाच्या फाट्यांच्या टोकाला एकेकच डोळा असतो. तो डोळा दुखावला की तो फाटा वांझ. बटाट्यासारखे अंगभर डोळे त्याला नाहीत. वेल फुलावर असताना जुना कंद झिजत असतो आणि पुढच्या वर्षीचा नवा भरत असतो. नेमक्या त्याच वेळी मी घाव घातला. आणि आपली काळी कसदार जमीन, जिच्यावर आपण एवढा अभिमान धरतो, ती या कंदाला सोसत नाही. पावसाचे पाणी तीत साचून राहते आणि कंद कुजतो. धुऱ्यावर ती नांदते, कारण तिथे दगड असतात, मुरूम असतो, उतार असतो.

दुसऱ्या खेपेला मी बियांची वाट धरली. कार्तिकात वेलीवर बोंडे पिकतात आणि तीन भागांत उकलतात. आत शेंदरी-लाल गोल दाणे. एका दुसऱ्या धुऱ्यावरच्या दोन बोंडांतले दाणे मी घेतले, बाकीची बोंडे वेलीवरच राहू दिली. वरचा लाल गर चोळून काढला, दाणे सावलीत वाळवले आणि मुलांच्या हाताला लागू नये म्हणून चिठ्ठी लावून डबीत बंद केले. मृग लागताच मुरूम, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समभाग घेऊन कुंड्या भरल्या आणि बोटाच्या पेराइतक्या खोलीवर बी लावले. काही दाणे तीन-चार आठवड्यांत रुजले. काही वर्षभर तसेच पडून राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात वर आले. मी मात्र मधल्या काळात त्या कुंड्या फेकायला निघालो होतो. ज्याला घाई आहे त्याने ही वेल लावू नये.

पहिल्या वर्षी वीतभर रोप होते आणि दिवाळीनंतर वाळून जाते. रोप मेले असे वाटते, पण ते मेलेले नसते. खाली वाटाण्याएवढा कंद झालेला असतो. दुसऱ्या वर्षी तो बोटाएवढा होतो. या दोन वर्षांत उन्हाळाभर पाणी घालायचे नाही, हे मनाला पटवणे सर्वांत अवघड. वाशीमच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, भिंती तापतात, तुळससुद्धा माना टाकते. आणि ही वेल मात्र कोरड्या मुरुमाखाली निजलेली असते. दयेपोटी घातलेले पाणी तिला मारते. तिसऱ्या वर्षी मी कंद उंचवट्यावर लावले: दोन वीत रुंदीचा वाफा, खाली विटांचे तुकडे, वर मुरूम आणि माती, कंद आडवा, तीन-चार बोटे खोल, डोळा सांभाळून. आधाराला काटक्यांची जाळी केली. सकाळचे ऊन आणि दुपारी थोडी सावली मिळेल अशी पूर्वेची बाजू निवडली. चौथ्या वर्षी श्रावणात पहिले फूल आले. आजी फाटकाशी थांबल्या त्या याच फुलापाशी. त्यानंतर एकही वर्ष चुकलेले नाही. खत म्हणाल तर वर्षातून एकदा ओंजळभर शेणखत, पाणी म्हणाल तर पावसाचे. एकदा वस्तीला आली की इतकी कमी अपेक्षा ठेवणारे झाड माझ्या बागेत दुसरे नाही.

बी हवे असेल तर आणखी एक काम करावे लागते. या फुलाची रचना मोठी विचित्र आहे. पुंकेसर चहूकडे पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी काटकोनात एका बाजूला वळलेली. जणू स्वतःच्या परागांकडे पाठ फिरवून उभी. त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलाला सहसा मिळत नाहीत, फुलपाखरे आणि मधमाश्या हव्यात. त्या कमी झाल्या तर माणसाला ते काम करावे लागते. तामिळनाडूत मुलनूर, धारापुरम, करूर, दिंडिगल या कोरडवाहू भागात शेतकरी या वेलीची शेती करतात. ती बियांसाठी, औषध कारखान्यांकडे पाठवायला. तिथे हंगामात सकाळी सकाळी मजूर एकेका फुलाला हाताने पराग लावत जातात. तामिळनाडूचे ते राज्यफूल आहे. तामिळांच्या संगमकालीन कवितेत ते मुरुगन देवाशी जोडलेले आहे. तिकडे आफ्रिकेत झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे ते बागेतले झाड म्हणून नेले गेले, तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर ते इतके माजले आहे की ते उपटायला माणसे लावावी लागतात. झाड एकच; कुठे राज्यफूल, कुठे पीक, कुठे तण. त्याच्या ठायी गुण-अवगुण आहेतच, पण आपण त्याला कुठे आणि कसे ठेवतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

आपण त्याला कुठे ठेवले आहे? वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. गुल्म म्हणजे झुडूप, जाळी. ज्या गावाच्या नावातच जाळी आहे त्या गावाच्या परिसरात आता जाळी शोधावी लागते. मी लहान असताना धुरा म्हणजे दोन वावरांमधली चांगली चार-पाच हात रुंद पट्टी असे. बोरी, हिवर, तरवड, सागरगोटी, गुळवेल, मध्येच एखादा पळस, आणि पावसाळ्यात कळलावी. धुऱ्यावर बैल चरत, बाया निंदण करता करता तिथेच भाकरी सोडत. पुढे वाटण्यांमध्ये वावरे लहान झाली, ज्वारी-पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आले, बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. ट्रॅक्टर वळवायला धुरा आडवा येऊ लागला. एक-एक तास आत सरकत धुऱ्याची रेघ झाली आणि त्या रेघेवर आता निंदणाऐवजी तणनाशक फिरते. १९९८ साली जिल्हा झाल्यावर शहराभोवती ले-आऊट पडले; गडग्या गेल्या, तारेची कुंपणे आली. यात शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे पोट एका एकरावर आहे त्याला चार हात जमीन सोडा म्हणणे सोपे आहे, सोडणे सोपे नाही. पण झाले आहे ते असे. कळलावी देशातून नाहीशी झाली असे नाही. जंगलात, डोंगराकाठी ती आहे. नाहीशी होते आहे ती आपल्या रोजच्या नजरेतून. काळविटांसाठी कारंजा-सोहोळला अभयारण्य आहे, ते असायलाच हवे. धुऱ्याला मात्र अभयारण्य नाही. त्यावरचे जे वाचेल ते कुणाच्या तरी अंगणातच वाचेल.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, घरात लेकरे असताना विषारी वेल लावावी का? ज्या घरात रांगते मूल आहे, शेळी-वासरू मोकळे फिरते, तिथे लावू नये, असेच मी म्हणेन. पण हा प्रश्न आपण साऱ्या झाडांना सारखाच विचारतो का? आपल्या गावात दर दहा घरांमागे एखाद्या घरापुढे तरी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, असते. ती अमेरिकेतून आलेली, आणि तिची बी हृदय बंद पाडते. त्या बियांनी मुले अंगणात खेळतात. कुणी हरकत घेत नाही, कारण तिची फुले देवाला चालतात आणि नाव निरुपद्रवी आहे. दिवाणखान्यात हौसेने ठेवलेल्या डिफेनबेकियाचे पान चावले तर जीभ सुजून बोलता येत नाही. आपण विषाला भीत नाही, नावाला भितो. मी वेलीजवळ पाटी लावली आहे: 'कळलावी. विषारी. हात लावल्यास धुवावा. कंद व बी तोंडात घालू नये.' पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. धोका ओळखून शेजारी ठेवलेले झाड, न ओळखता ठेवलेल्या झाडापेक्षा बरे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. एवढी औषधी आहे तर एकरभर लावून पैसा का करू नये? सांभाळून. २००० सालाच्या आगेमागे विदर्भात सफेद मुसळीची हवा झाली होती. घेणारा नक्की कोण, हे न पाहता ज्यांनी महागडे कंद विकत घेतले त्यांचे हात पोळले. कळलावीला कोरडा, निचऱ्याचा मुलूख, परागणाला मनुष्यबळ आणि ठरलेला खरेदीदार लागतो. ज्याला तसे करायचे असेल त्याने आधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जाऊन विचारावे. मी बोलतो आहे ते दोन-चार वेलींबद्दल.

आणि त्या दोन-चार वेली बियांपासूनच व्हाव्यात. मला एका रोपवाटिकेत कंद दाखवले गेले, तेव्हा हे कुठून आणले असे विचारल्यावर "रानातूनच की" असे सहज उत्तर मिळाले. हौस म्हणून रान रिकामे करणे म्हणजे माझीच पहिली चूक पैसे मोजून पुन्हा करणे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्या वहीत कळलावीचे नाव आहे का, कोणत्या धुऱ्यावर ती शेवटची पाहिली, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहायला एक दुपार पुरते. शाळेतल्या मोठ्या मुलांना घेऊन ती दुपार घालवली तर विषाची ओळखही आपोआप होईल.

शेजारच्या आजी आता नाहीत. गेल्या भाद्रपदात त्यांची सून महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी फाटकाशी आली. म्हणाली, "भाऊ, तिकडं कोकणात हे फूल गौरीले चालते म्हंतेत. दोन देता का?" मी चार दिली, प्रसादाच्या ताटापासून लांब ठेवा आणि हात धुवा असे सांगून. कार्तिकात ती बीसुद्धा मागायला आली. डबीवर चिठ्ठी लावून दिली आहे. तिच्या घरचे फूल दिसायला अजून तीन पावसाळे आहेत.